ओसरीवरून : डकविलेला नाल

या सदरांत आजवर आम्ही मुलांचें पाठांतर, जुन्या पोथ्यांची निगा, सणावारांचा खर्च असे घरगुती विषय घेत आलों. आज आम्ही घोड्याच्या नालाविषयीं लिहावयास बसलों आहों हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. ‘आपल्या सात पिढ्यांत कोणी घोड्यावर बसलें नाहीं, आपल्याला ही उठाठेव कशाला?’ असें आमच्या कुटुंबानेंही विचारलेंच. परंतु गेलें वर्षभर आमच्या वाड्यांत या विषयावांचून दुसरें बोलणें नव्हतें, आणि त्याच्या मुळाशीं आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती सांगितल्यावांचून पुढची माहिती सांगण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं, म्हणून प्रथम ती सांगतों.

नागरा हें आमचें गांव गोंदियाच्या अगदीं जवळ. येथील प्राचीन शिवालयामुळें महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. एरवीं भोंवतालीं धानाचीं शेतें, जुने मालगुजारी तलाव आणि शांतता. आमच्या आळींत आमचा एक जुना विद्यार्थी वरातीची घोडी बाळगून आहे. घोडी पांढरी, स्वभावानें गरीब. लग्नसराईचे चार महिने ती त्याचें घर चालविते, आणि उरलेले आठ महिने तो तिला पोसतो. गेल्या मार्गशीर्षांत त्यास एका रात्रीपुरतें परगांवीं जाणें झालें. त्याच्या गोठ्याची भिंत पडलेली होती, म्हणून घोडी आमच्या गोठ्यांत बांधून तो गेला. गोठ्यास लागूनच आमची धान्याची कोठी आहे. रात्रीं आम्ही कोठींत जाऊन आलों, दार लोटलें, आणि कडी घालावयाची विसरलों. पहाटे पाहतों तों घोडीनें दावें तोडलेलें, कोठीचें दार उघडें, आणि गव्हाचें एक पोतें फाडलेलें. सात-आठ किलो गहूं तरी पोटांत गेला असावा.

घोडी त्या वेळीं ठणठणीत दिसत होती. आम्हीं सांडलेला गहूं भरला, पोतें शिवलें, घोडी पुनः बांधली आणि कोणाजवळ अवाक्षर काढलें नाहीं. सकाळीं मालक येऊन तिला घेऊन गेला, तेव्हांही बोललों नाहीं. ‘मुकें जनावर आहे, पचवील,’ अशी मनाची समजूत घातली. खरें कारण निराळें होतें. निष्काळजीपणाबद्दल ज्या मुलांस आम्हीं वर्षानुवर्षें बोल लावला, त्यांतल्याच एकापुढें आपला निष्काळजीपणा कबूल करावयाची आम्हांस लाज वाटली.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव नागपुरास पशुवैद्य आहेत. सायंकाळीं त्यांच्याशीं दूरध्वनीवर बोलतां बोलतां ही गोष्ट सहज निघाली. त्यांनीं एकदम विचारलें, ‘काका, किती तास झाले?’

‘तेरा-चौदा झाले असतील.’

‘मालकाला सांगितलंत?’

आम्ही गप्प राहिलों. ‘आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा,’ ते म्हणाले. ‘मिळेल तितका बर्फ आणवा आणि घोडीचे पुढचे पाय बर्फाच्या पाण्यांत बुडवून ठेवा. मी रात्रीच्या गाडीनं निघतों.’

आम्हीं जाऊन सांगितलें. तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘गुरुजी, सकाळींच सांगायचं होतंत.’ एवढेंच. मग तो सायकल काढून बर्फ आणावयास गोंदियास गेला. त्या चार शब्दांनीं आमची जी शिक्षा झाली, ती छडीनें झाली नसती.

गहूं पोटांत गेला तर पायास काय होणार, अशी शंका वाचकांस येईल. आम्हांसही आली होती. घोड्याचें पोट त्याच्या देहाच्या मानानें लहान असतें. गवत थोडें थोडें, सावकाश चरावें अशीच त्याची घडण आहे. एकदम पुष्कळ धान्य गेलें म्हणजे त्यांतील पिष्ट न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतें, तेथें आंबतें व आम्ल तयार करतें. तेथील उपयुक्त जंतु त्यामुळें मरतात, त्यांची विषारी द्रव्यें रक्तांत शिरतात, आणि एक-दोन दिवसांत त्यांचा परिणाम खुरांत दिसूं लागतो. घोड्याचा खूर म्हणजे आपल्या नखाचीच मोठी आवृत्ति होय. त्याच्या आंत एक हाड असतें, आणि तें खुराच्या भिंतीस आंतून शेंकडों नाजूक पापुद्र्यांनीं टांगलेलें असतें. कांहीं पापुद्रे हाडाच्या बाजूचे, कांहीं भिंतीच्या बाजूचे. आपण दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं तसे ते गुंतलेले असतात. या पापुद्र्यांचा दाह झाला कीं त्यांची पकड सुटूं लागते. वरून देहाचा भार, मागून पायाची जाड कंडरा हाडास खेंचणारी. अशा ओढाताणींत हाड आंतल्या आंत फिरतें किंवा खालीं धसतें. देहाचा सुमारें ६० टक्के भार पुढल्या पायांवर असल्यामुळें दुखणें बहुधा तेथेंच होतें. डॉक्टर यास लॅमिनायटिस म्हणतात.

हें दुखणें किती घातक आहे याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. अमेरिकेंतील बार्बारो नांवाच्या घोड्यानें २००६ सालीं केंटकी डर्बी ही नामांकित शर्यत जिंकली. दोनच आठवड्यांनीं दुसऱ्या शर्यतींत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयांत शस्त्रक्रिया होऊन मोडलेला पाय जुळूं लागला. परंतु सगळा भार डाव्या पायावर आल्यानें त्या पायांत लॅमिनायटिस झाला. शेवटीं २९ जानेवारी २००७ रोजीं त्या घोड्यास वेदनामुक्त मरण द्यावें लागलें. जेथें पैसा व विद्या यांची वाण नव्हती तेथें ही गत. मग नागऱ्याच्या आळींतील घोडीची कथा काय!

पुतण्या पहाटे पोंचले. पोटांत नळी घालून औषध, दाह कमी करणारीं इंजेक्शनें, आणि दोन दिवस व दोन रात्री अखंड बर्फ. लंगडणें सुरू होण्याच्या आधीं पाय थंड केले तर उपयोग सर्वांत अधिक होतो, हें त्यांनीं सांगितलें तेव्हां आम्हांस आमचे ते तेरा तास आठवले. बर्फामुळें घोडी वांचली. परंतु दुखणें टळलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती पुढचे दोन्ही पाय पुढें टाकून, सगळा भार मागें घेऊन, जणूं निखाऱ्यावर उभी आहे अशी उभी राहिली. खूर हातास गरम लागत होते आणि घोट्यामागची नाडी जोरानें उडत होती. तळव्यास जाड मऊ फोमचे तुकडे बांधून तिला भुश्श्याच्या खोल अंथरुणावर ठेवलें. तीन आठवड्यांनीं पुतण्यांनीं लहानसें क्ष-किरण यंत्र आणून चित्रें घेतलीं. हाड थोडेंसें फिरलें होतें, पण तळव्यांतून खालीं उतरलें नव्हतें. आशेला जागा होती. आतां प्रश्न नालाचा होता.

येथें शब्दांविषयीं दोन वाक्यें लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. अमरकोशांत शफ आणि खुर हे पर्यायशब्द म्हणून आले आहेत. ‘नाल’ हा मात्र अरबींतून आलेला शब्द; त्याचा मूळ अर्थ पादत्राण. मराठेशाहींत स्वारीकरितां शिलेदारांस जी आगाऊ रक्कम देत तिला ‘नालबंदी’ म्हणत, यावरून फौजेंत नालाचें महत्त्व किती होतें तें कळेल. आणि गुरांच्या वैद्यास ‘साळोत्री’ म्हणतात, तो शब्द अश्वशास्त्राचा आद्य आचार्य मानलेला जो शालिहोत्र, त्याच्या नांवापासून निघाला आहे.

लोखंडी नाल खिळ्यांनीं ठोकतात. निरोगी खुराच्या भिंतीच्या बाहेरील भागास संवेदना नसते, त्यामुळें घोड्यास तें दुखत नाहीं. परंतु आंतले पापुद्रे सुजलेले असतां हातोडीचा प्रत्येक ठोका मर्मावर बसतो, आणि पकड सुटलेल्या भिंतींत खिळा मारणें म्हणजे पडक्या भिंतीस खुंटी ठोकण्यासारखें आहे. म्हणून अलीकडे अशा रोग्यांस प्लास्टिकचा नाल खुरास चिकटवितात. तो धक्का शोषून घेतो, थोडा लवतो, आणि कानशीनें हवा तसा घासतां येतो. त्यास टाचेकडे पाचर देतां येते, म्हणजे मागच्या कंडरेची ओढ कमी होते. पुढची कड गोलसर व मागें घेतां येते, म्हणजे पाऊल उचलतांना पुढल्या भिंतीवर ताण येत नाहीं. मुंबईचें महालक्ष्मीचें शर्यतीचें मैदान १८८३ पासूनचें आहे. तेथील व पुण्याच्या उंची घोड्यांच्या पायांस लाभणारी विद्या नागऱ्याच्या घोडीसही लाभावी, असा पुतण्यांनीं निश्चय केला आणि नाल व चिकटद्रव्य मागविलें.

हें चिकटद्रव्य आपल्या सुताराच्या सरसाहून फार निराळें. (सरस जनावरांचें कातडें, हाडें शिजवून करीत, आतां उलट जनावराच्या खुरासच नवा सरस लागतो आहे!) मुख्यतः त्याचे तीन प्रकार. एक, क्षणांत चिकटणारा सायनोअॅक्रिलेट. हा पदार्थ १९४२ सालीं अमेरिकेंत हॅरी कूव्हर यांच्या प्रयोगशाळेंत दुसरेंच कांहीं शोधतांना हातीं लागला, आणि बोटें चिकटूं लागलीं म्हणून प्रथम बाजूस टाकण्यांत आला होता. दुसरा, दोन भाग मिसळून होणारा अॅक्रिलिक, जो घट्ट झाल्यावर खुराइतका कठीण होतो. तिसरा, दोन भागांचाच पॉलियुरेथेन, जो थोडा लवचिक राहतो. आमच्याकडे दुसऱ्या प्रकारचा आला होता.

पहिला प्रयत्न पौषांत झाला. नागपुराहून एक वयोवृद्ध नालबंद आले. लोखंडाच्या कामांत त्यांचा हात धरणारा कोणी नाहीं, पण चिकटविण्याचें काम त्यांस नवीन. पुतण्यांस त्या दिवशीं रजा मिळेना, आणि नालबंदांस दुसऱ्या दिवशीं थांबतां येईना. ‘काका, मी येईपर्यंत थांबा,’ असें पुतण्यांनीं बजावलें होतें. आम्हीं घाई केली. एवढेंच नव्हे, तर स्वच्छतेच्या हौसेनें खूर पाण्यानें घासून धुण्याची आज्ञाही आम्हींच दिली. नाल सुरेख बसला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दोन्ही नाल भुश्श्यांत पडलेले आढळले.

पुतण्या आले. त्यांनीं खुरांकडे न पाहतां आधीं पडलेले नाल उचलले आणि उजेडांत धरले. ‘पडलेला नाल हाच साक्षीदार असतो, काका,’ ते म्हणाले. त्या दिवशीं त्यांनीं जें सांगितलें तें आम्हीं वहींत उतरून घेतलें, कारण या सबंध विद्येची किल्ली त्यांत आहे. चिकटद्रव्य कोठें राहिलें तें पाहावें. सगळें नालावर राहून खूर कोरा असेल, तर दोष खुराच्या तयारींत आहे. सगळें खुरावर राहून नाल कोरा असेल, तर दोष नालाच्या पृष्ठभागांत आहे. प्लास्टिकवर कारखान्यांतील मेणचट थर असतो, तो घासून खरखरीत न केल्यास कांहींच चिकटत नाहीं. द्रव्य मधोमध फाटून दोन्हीकडे अर्धें अर्धें राहिलें असेल, तर द्रव्यच कच्चें राहिलें. मिश्रण बिघडलें, थंडीनें घट्ट झालें नाहीं, किंवा घट्ट होण्याआधीं पाऊल टेकलें. आणि द्रव्याबरोबर खुराचा पापुद्राच सुटून आला असेल, तर डकविणें उत्तम झालें होतें, पण तें कमकुवत शिंगावर झालें होतें. भुसभुशीत भाग काढून निरोगी भागापर्यंत गेलें पाहिजे होतें.

आमचे नाल द्रव्यानें भरलेले होते आणि खूर कोरे होते. न्यायालयांत उभे राहावें तसें आम्हांस वाटलें. खूर धुतल्यावर वरून कोरडा दिसला तरी तो पाणी शोषून घेतो, आणि तें पाणी पुढें तासन्‌तास झिरपत राहतें. शिवाय चौकशीअंतीं असें निघालें कीं, मालक रोज प्रेमानें खुरांस जवसाचें तेल लावीत होता. पाणी आणि तेल, दोन शत्रु आम्हीं स्वतः आंत घेतले होते. भर म्हणून पौषाची थंडी; त्या पहाटे द्रव्य मधासारखें जड झालें होतें.

दुसऱ्या प्रयत्नापूर्वीं आठ दिवस खुरांस तेल बंद, पाणी बंद. त्या दिवशीं खुराची भिंत आधीं कानशीनें, मग काचकागदानें घासली. तारेच्या कुंचल्यानें भेगा कोरल्या. मग ऊन हवेनें खूर वाळविला. त्याकरितां आमच्या सूनबाईंनीं आपलें केस वाळविण्याचें यंत्र दिलें, तें परत मागितलें नाहीं. शेवटीं निर्मळ अॅसिटोन लावलेल्या कपड्यानें एकाच दिशेनें पुसलें. (नखांचा रंग काढण्याचें सुवासिक द्रव्य चालत नाहीं, त्यांत बहुधा तेलकट अंश घातलेला असतो.) यानंतर खुरास बोट लावावयाचें नाहीं; बोटाचा घामही तेलासारखाच. हें सर्व यथासांग झालें आणि नाल असा चिकटला कीं ओढून निघेना. आम्हीं सर्वांनीं निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशीं घोडी पहिल्याहून वाईट. उजवा पाय टेकूं देईना. नाडी पुनः उडूं लागली. नाल पडला म्हणजे निदान दिसतें तरी. नाल राहून पाय दुखतो तेव्हां घरचीं माणसें मालकाला धीर देतात, ‘नवी चप्पल लागतेच,’ म्हणून. येथेंच मोठा धोका आहे. पुतण्यांनीं खूर दाबून पाहण्याच्या चिमट्यानें तळवा दाबला तेव्हां घोडीनें पाय ओढून घेतला. नाल उतरविल्यावर कारण दिसलें. पुनः पडूं नये म्हणून नालबंदांनीं द्रव्य सढळ हातानें घातलें होतें. घोडीला दुसऱ्या दुखऱ्या पायावर फार वेळ उभें राहवेना, म्हणून तिनें पाऊल आधींच टेकलें, आणि मऊ असलेलें द्रव्य तळव्याखालीं पसरून तेथें दगडासारखें झालें. तळवा या रोगांत सर्वांत हळवा. त्याखालीं खडा ठेवून आम्हीं तो बंद केला होता. शिवाय हें द्रव्य घट्ट होतांना तापतें. पातळ खुरावर त्याचा जाड थर दिला तर ती उष्णताही आंत पोंचते.

चिकटविलेला नाल उपटून काढूं नये. भिंतीचा पापुद्रा बरोबर येतो. कानशीनें द्रव्याची रेघ कडेनें घासून पातळ करावी आणि मग नाल सोडवावा. त्या कामास दीड तास लागला. वृद्ध नालबंदांचे डोळे भरून आले. ‘लोखंडांत माझी चूक कधीं झाली नाहीं,’ असें ते म्हणाले. पुतण्यांनीं त्यांच्या पायांस हात लावून म्हटलें, ‘बाबा, हात तुमचाच पाहिजे. फक्त द्रव्य नवीन आहे.’ वयानें मोठ्या कारागिराशीं कसें बोलावें हें आम्हीं वर्गांत कधीं शिकविलें नव्हतें. तें त्या दिवशीं आम्ही शिकलों.

तिसरा प्रयत्न महाशिवरात्रीच्या आठ दिवस आधीं झाला. हवा ना थंड ना गरम. वेदनाशामक औषध आधीं दिलें. जो पाय खालीं राहणार त्याच्याखालीं जाड मऊ गादी ठेवली, आणि एका वेळीं एकच पाय घेतला. तळव्याची सर्व खोलगट जागा मऊ लुकणानें भरून घेतली, म्हणजे द्रव्यास तेथें शिरावयास वाटच राहिली नाहीं. द्रव्याची दुनळी दाबल्यावर पहिला थोडासा भाग कागदावर टाकून दिला, कारण प्रारंभीं दोन्ही भाग सारखे मिसळून येत नाहींत. द्रव्य भिंतीपुरतेंच लावलें. वर केसांच्या कडेस लागूं दिलें नाहीं, आणि दोन टाचा एकमेकींस जखडतील असें मागें नेलें नाहीं, कारण पाऊल टेकतांना खुराचा मागचा भाग किंचित पसरावा लागतो. वरून पातळ प्लास्टिक गुंडाळून, कागदावर टाकलेला नमुना नखानें दाबून घट्ट झाल्याची खात्री झाल्यावरच पाय खालीं सोडला. तोंवर मालक घोडीच्या कपाळाशीं कपाळ लावून उभा होता.

यात्रेच्या दिवशीं देवळाकडून ढोलताशांचा आवाज येत होता. दरवर्षीं ती घोडी त्या गर्दींत असे. त्या दिवशीं तिनें कान टंवकारले, आणि भुश्श्यांतून आपणहून चार पावलें टाकून ती दाराशीं आली. आमच्या कुटुंबानें घरांतून गूळ आणला, तो आम्हीं हातांतून काढून घेतला. या दुखण्यांत गोड वर्ज्य आहे.

पुढील मार्ग सोपा नव्हता. खूर महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर चार-पांच आठवड्यांनीं नाल उतरवून, खूर तासून पुनः बसवावा लागतो. (शिंगरांचा पाय झपाट्यानें वाढतो, त्यांस डकविलेला नाल दहा-पंधरा दिवसांहून अधिक ठेवूं नये, नाहीं तर खूर आंवळला जातो.) वैशाखांत उलट संकट आलें: नागऱ्याच्या उन्हांत द्रव्य नळींतच घट्ट होऊं लागलें. मग तें बर्फाच्या डब्यांत ठेवून पहाटे काम करूं लागलों. पावसाळ्यांत चिखल हा वैरी. नालाखालीं ओल कोंडली तर खूर आंतून कुजतो. घाण वास, काळें पाणी हीं त्याचीं चिन्हें. तें दिसल्यास झांकून टाकूं नये. उघडें करून, साफ करून, कोरडें झाल्यावरच पुनः डकवावें. पुतण्या तळव्याच्या लुकणांत किंचित मोरचूद मिसळीत.

ज्यांच्या घरीं घोडा आहे त्यांच्याकरितां आणखी दोन सूचना. हें द्रव्य मोकळ्या हवेंत वापरावें. त्याची वाफ उग्र असते व पेट घेते, म्हणून जवळ विडी नको, दिवा नको. हातांत रबरासारखे पातळ मोजे घालावे. सायनोअॅक्रिलेट वापरतांना मात्र सुती मोजे किंवा कापूस जवळ आणूं नये, कापसाशीं संबंध येतांच तो भाजण्याइतका तापतो. आणि मुख्य म्हणजे, नाल हें औषध नव्हे. हाड कोठें आहे हें क्ष-किरणांवरून पाहून पशुवैद्यानें सांगावें, आणि मग नालबंदानें बसवावें. एकानें दुसऱ्याचें काम करूं नये. आम्हीं दोघांचें काम करूं पाहिलें, त्याचें फळ वर सांगितलेंच आहे.

आमच्या नातवानें या प्रकरणांत एक शोध लावला. दुखण्याच्या वेळीं खुराच्या वरच्या कडेशीं एक आडवी वळी उमटते, आणि खूर वाढतो तशी ती खालीं सरकते. चिरंजीवांनीं दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पट्टीनें तिचें अंतर मोजून भिंतीवर कोळशानें लिहून ठेवलें. भिंत खराब केली म्हणून आम्हीं रागावणार होतों. पण तो त्रैराशिकाचा इतका सुंदर पाठ होता कीं आम्ही थांबलों. पुढची भिंत पूर्ण नवी होण्यास नऊ ते बारा महिने लागतात. या मार्गशीर्षांत ती वळी जवळ जवळ जमिनीस टेकली. वळीच्या वरचा सगळा खूर नवा, गुळगुळीत आणि घट्ट आहे.

पुतण्यांनीं आतां नाल काढून टाकले आहेत. घोडी चालते, मऊ जमिनीवर दुडकीही धरते. परंतु वाद्यांच्या तालावर नाचणें तिला कायमचें बंद आहे, आणि धान्य जन्मभर मोजून. तिच्या नाचण्यावरच त्या घराचें पोट होतें. आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून कांहीं रक्कम दरमहा देऊं केली, तेव्हां तो म्हणाला, ‘गुरुजी, दान नको. घोडीच्या गवताचं अर्धं तुम्ही करा, अर्धं मी करीन.’ तो हिशेब आम्हीं आनंदानें मान्य केला. तेरा तासांचें व्याज त्यांत फिटत नाहीं, हें आम्ही जाणतों.

आमच्या त्या नातवाची मुंज येत्या फाल्गुनांत आहे. भिक्षावळीची मिरवणूक याच घोडीवरून निघावी असें त्याच्या मनांत आहे. आठ वर्षांच्या बटूचा भार तो काय, देवळापर्यंत चार पावलें, वाद्यांवांचून गेल्यास हरकत नाहीं, असें पुतण्या म्हणतात. आम्हीं मालकास विचारलें. तो म्हणाला, ‘त्या दिवशीं सकाळीं खुराला हात लावून पाहूं, गुरुजी. गार असला तर नेऊं.’

आणि आमच्या कोठीस आतां दोन कड्या आहेत.